घटाआधीचं धुणं

"ही काकवी म्हणायची का गाळ?" शेवंताक्कानं काचेच्या नळकांड्यात वाकून बघत विचारलं.

"गाळच. पण जिवंत आहे. वास घेऊन बघा."

तिनं नाक लांबूनच पुढं केलं, मग जरा जवळ आणलं. "माती भिजल्यावाणी येतोय की."

"मग पोरं खुशीत आहेत."

"पोटात एक हाय ते बास झालं न्हाई व्हय तुला? टाकीत आनि पाळलीत."

मी हसले. पोट एवढं पुढं आलं होतं की टाकीच्या कठड्यावरून वाकून पाणी काढायचं काम तीच करायची. डोळ्यांवर पदर ओढून, दुसऱ्या हातानं नाक धरून, पण करायची. कारण तिला माझ्यापेक्षा जास्त घाई होती.

गावाची सगळी गटारं जिथं एकत्र येतात तिथं गायरानाच्या कडेला हा प्लांट उभा राहिला होता. आधी ती सगळी घाण ओढ्यात जायची, आणि ओढा जायचा शेवंताक्काच्या वस्तीच्या विहिरीला चाटून. त्यांच्या पाण्याला गटाराचा वास होता, आणि त्या वासाची आमच्या वरच्या गावाला इतकी सवय होती की कुणाला तो येतच नसे. आता घाण टाकीत यायची, तिच्यात खालून हवा सोडलेली असायची, आणि त्या हवेवर जगणारे जंतू घाण खाऊन टाकायचे. मग पाणी बारीक छिद्रांच्या पडद्यांतून गाळून, उरलेसुरले जंतू मारणाऱ्या दिव्याच्या उजेडाखालून पुढं ओढ्यात. हवेचं यंत्र, म्हणजे ब्लोअर, दिवसरात्र घुमायचं म्हणून गावानं त्याला नाव ठेवलं होतं, गटाराची गिरणी. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली गावातली एकटीच सून, म्हणून गिरणी माझ्याकडं आली.

"आमच्या हिरीचा वास कमी झालाय औंदा," शेवंताक्का म्हणाली. "भाकरीला पण येत न्हाई आता. पानी तपासायची गाडी कधी येनार म्हनलीस?"

"घटाच्या दुसऱ्या माळेला."

"आनि पास झालं तर?"

"तर कंपनी प्लांट गावाच्या ताब्यात देणार. मग तो इथंच राहणार."

"आनि न्हाई झालं तर?" हे तिला माहीत होतं. तरी दर वेळी विचारायची.

"उचलून नेणार."

दोनदा आम्ही नापास झालो होतो. पहिल्यांदा तालुक्याचे साहेब बघायला येणार म्हणून ग्रामपंचायतीनं हौसेनं सगळी गटारं ब्लीचिंग पावडरनं धुऊन काढली. साहेबांना गाव चकचकीत दिसलं, आणि टाकीतला जीवन् जीव मेला. दुसऱ्यांदा एका लग्नाच्या जेवणावळीचं करपलं तेल कुणीतरी गटारात ओतलं. कुणी ते कधीच कळलं नाही, कारण मी ज्याला ज्याला विचारलं तो म्हणाला, "छे, आमी कशाला." दोन्ही वेळा शहरातल्या मोठ्या प्लांटमधून टँकरनं गाळ आणून विरजण लावावं लागलं. कंपनीचे मुल्ला सर म्हणाले होते, "मॅडम, तिसरा टँकर नाही मिळणार. वरून आलंय."

आणि आता पुढं घट होते.

घट बसायच्या आधी आमच्याकडं घरातली चिंधीसुद्धा धुतात. गोधड्या, वाकळा, चादरी, पडदे, धान्याची पोती, बाळाच्या दुपट्यापासून म्हाताऱ्याच्या पटक्यापर्यंत सगळं. पूर्वी नदीवर जायचे. आता घरोघरी नळ, निम्म्या घरांत वॉशिंग मशीन, आणि धुण्याचा सोडा किलोनं. अख्ख्या गावाचं ते पाणी एकदम आलं तर माझ्या टाकीत काय उरणार होतं ते मला लख्ख दिसत होतं. मी ग्रामसभेत सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली. मग एक जण उठून रस्त्यावरच्या दिव्याबद्दल बोलायला लागला.

शेवटी ते काम आत्यानं केलं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, मालन खराडे. आमच्या गावात खालची वस्ती सोडली तर सगळे खराडेच, एकच भावकी. त्या भावकीतल्या बायकांना आत्यानं देवळाच्या मंडपात गोळा केलं.

"इरजण लावलेल्या भांड्यात कुनी साबन कालवतं का गं?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"मग. आळीआळीनं धुवायचं. आज देवळामागची आळी, दोन दिस सोडून पेठ, मग दोन दिस सोडून वरची आळी. सोडा कमी, साबन जास्त. अमुशाच्या आत सगळ्यांचं हुतंय."

"मालने, तुझ्या सुनंच्या किड्यांसाठी आमी मळक्या वाकळंवर निजायचं व्हय?" वरच्या आळीतली सगुणाकाकू म्हणाली.

"तू एरवी कवा धुतीस गं? वर्साला एकदाच धुतीस. चार दिस उशिरा धुतलीस तर वाकळ काय वळखणार न्हाई तुला?"

मंडप हसला आणि ठरलं. मी आत्याकडं बघत राहिले. मी तीन महिने आकडे सांगत होते, तक्ते दाखवत होते. तिनं विरजण म्हटलं आणि संपलं.

माझी आई रोज फोन करायची. पहिलं बाळंतपण माहेरीच असतं, कधी येतेस. मी म्हणायची, दुसरी माळ होऊ दे, दसऱ्याला येते. तारीखही दसऱ्यानंतरचीच होती. देवळामागच्या आळीचं धुणं झालं. त्या दिवशी टाकीवर थोडा फेस आला आणि संध्याकाळी बसला. मी नळकांडं उजेडात धरलं, गाळ खाली बसत होता, वर नितळ पाणी राहत होतं. पेठेचंही झालं. पोरांनी तेही पचवलं. मला वाटलं, या वेळी जमतंय.

त्याच रात्रीपासून माझ्या कळा सुरू झाल्या.

तालुक्याच्या दवाखान्यात सकाळी मुलगी झाली. लहानशी, पण आवाज खणखणीत. आत्यानं तिला हातांत घेतलं आणि तिच्या मुठी एकेक करून उघडून बघत बसली, जणू काही आणलंय का आत ते बघतेय. मी त्यांच्याकडं बघत होते आणि मला झोप येत होती, आणि झोपेच्या काठावरच मला ते सुचलं. मी बोटांवर मोजायला लागले. मग पुन्हा मोजलं.

भावकीत मूल जन्मलं की दहा दिवस सगळ्या भावकीला सोयर. देवाचं काही करायचं नाही, आणि घटासाठी धुतलेलं असेल तर तेही बाद, सोयर फिटल्यावर पुन्हा धुवायचं. हिचं सोयर फिटत होतं अमावास्येच्या आदल्या दिवशी. अमावास्येला कुणी धुणं काढत नाही. म्हणजे अख्ख्या गावाला, धुतलेल्यांना आणि न धुतलेल्यांना, धुवायला मिळून एकच दिवस.

"आत्या," मी म्हणाले. "गावात कळवू नका."

"का गं?"

मी सांगितलं. तिला सगळं सांगावं लागलं नाही, निम्म्यातच कळलं तिला. वेळापत्रक तिनंच लावलं होतं.

"सोयर कानावर आल्यावर लागतं ना? मी इथूनच माहेरी जाते. दसऱ्याला कळवा. दहा दिवस उलटल्यावर कळलं तर काय असतं?"

"नुसती अंघुळ."

"मग झालं तर. कुणाचं काही अडत नाही. घट बसतात, नमुना पास होतो. ब्लोअर हे बघतील, त्यांना येतं चालू-बंद करायला."

हिच्या कपाळावरची जावळाची एक बट आत्यानं बोटानं मागं सारली, ती पुन्हा पुढं आली, पुन्हा सारली.

"तू नीज," एवढंच म्हणाली.

मी ते हो समजले. दुपारच्या एसटीनं ती गावाकडं गेली, कपडे आणायला म्हणून. संध्याकाळी हे आले. ह्यांचं नाव रणधीर, दूध संघाच्या टँकरवर असतात. हातात खोकं होतं, आणि खोक्याला तुपाचा वास होता.

"हे काय?"

"जिलेबी. तुला म्हणून ठेवली थोडी. आईनं गावभर वाटली." ते हसत होते. मग माझं तोंड बघून थांबले. "काय झालं?"

"गावभर?"

"दारोदार फिरली स्वतः. ताट घेऊन. सगुणाकाकू म्हणाली, मुलीची जिलेबी एवढी कुणी वाटत नाही. तर आई म्हणाली, मग घे अजून दोन."

मी भिंतीकडं तोंड केलं. हिला दूध पाजायची वेळ झाली होती, पाजलं. पाजता पाजता रडत होते आणि ह्यांना वाटलं टाके दुखतायत.

आता लपवायचं काही उरलं नव्हतं, म्हणून माहेरी न जाता मी सासरीच आले, आणि त्यानंतरचे दिवस खोलीत होते. बाज, बाजेखाली शेगडी, कानाला फडकं, दाराला पडदा. बाळंतिणीनं वारं घ्यायचं नाही. गिरणीची घुमघुम मला खोलीत ऐकू यायची, आणि जाता येत नव्हतं. मी मुल्ला सरांना फोन लावला.

"आधी अभिनंदन मॅडम. आता वाईट बोलतो. एवढा सोडा एका दिवसात आला तर टाकी गेली."

"त्या दिवशी पाणी बाजूनं काढता येणार नाही का? टाकीत घ्यायचंच नाही."

"कुठून काढणार? जुनं गटाराचं तोंड तुम्हीच बुजवून घेतलंत की सिमेंटनं. पक्कं करा म्हणून मागं लागला होतात."

लागले होते. कुणी चोरून घाण ओढ्यात सोडू नये म्हणून. शेवंताक्का त्या दिवशी तिथं उभी राहून सिमेंट वाळेपर्यंत शेरडं हाकत होती.

मी ह्यांना नानांकडं पाठवलं. नाना म्हणजे भावकीतले वडील, सोयरसुतकाचं त्यांना विचारतात. म्हटलं, विचारा, दोन दिवस आधी धुतलं तर नाही का चालणार. हे परत आले.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, देवीला इचार. मशीनला काय इचारतोस."

"मग गोधड्या तरी मळ्यातल्या विहिरींवर न्यायला सांगा. ते पाणी शेतात जाईल."

हे घरोघरी फिरले. सगळे म्हणाले, नेऊ की. वरच्या आळीत म्हणाले, बैलगाडी काढू. पेठेत म्हणाले, ट्रॅक्टर आहे. एकही घर नाही म्हणालं नाही, आणि मला तेव्हाच कळायला हवं होतं. आमच्या गावात ज्याला खरंच करायचं असतं तो आधी भांडतो.

आत्याशी मी बोलत नव्हते. ती खिरीची वाटी ठेवायची, मी खायची. ती डिंकाचा लाडू ठेवायची, मी अर्धा ठेवायची.

रोज सकाळी शेवंताक्का यायची. आमच्या गावातल्या बाळांना तीच न्हाऊ घालते, तिच्या आधी तिची सासू घालायची. ती भावकीतली नसल्यानं तिला सोयर नव्हतं, त्यामुळं त्या दहा दिवसांत आमच्या घरी येणारी ती एकटीच. पाटावर बसून पाय लांब करायची, हिला नडग्यांवर पालथी घालायची, तेल जिरवायची, आणि ऊन ऊन पाणी हाताच्या ओंजळीतून पाठीवर सोडायची. ही आधी रडायची, मग गप व्हायची, मग चक्क झोपायची.

"बघ कशी म्हातारीवाणी निजलीया," शेवंताक्का म्हणायची. "आगं भवाने, डोळं तरी उघड. कुनाचं नाक घेतलंस? आज्जीचं का? मग अवघड हाय तुजं."

मग हिला धुरी देताना सहज विचारायची, "टाकी बरी हाय न्हवं?"

"बरी आहे."

"दुसऱ्या माळंला पास हुनार?"

"बघू."

तिला सोयराचं माहीत होतं, धुण्याचंही माहीत होतं, पण ते दोन्ही जोडून बघायचं तिला कारण नव्हतं. आळीआळीनं धुणं ठरलंय एवढंच तिनं ऐकलं होतं. मला रोज वाटायचं, सांगावं. आणि रोज ती हिच्या टाळूवर तेल थापत असायची.

तो दिवस उजाडायच्या आधीच सुरू झाला. धोपटण्यांचे आवाज, नळांचे, मशीनचे. माझ्या खोलीच्या मागून गटार जातं. त्यातून पाणी गेलं ते निळसर पांढरं, आणि दाराच्या पडद्यातून सोड्याचा वास आत आला. ट्रॅक्टर कुणी काढला नव्हता. बैलगाडी कुणी काढली नव्हती. दुपारी हे प्लांटवरून आले, दारात उभे राहिले. त्यांच्या पँटला गुडघ्यापर्यंत फेस लागला होता.

"टाकीबाहेर आलाय," म्हणाले. "कठड्यावरून. रस्त्यावर पोरं खेळतायत त्यात."

"वास कसला येतोय?"

"कसलाच नाही."

म्हणजे मेली होती सगळी.

हे गेल्यावर आत्या आत आली. बाजेवरची शेवटची वाकळ धुवायची राहिली होती, ती न्यायला. मी हिला घेऊन बाजूला झाले. आत्यानं वाकळ ओढली, आणि दहा दिवसांत पहिल्यांदा मी तोंड उघडलं.

"का केलंत आत्या?"

ती वाकळ तशीच कवेत घेऊन उभी राहिली.

"तुम्हीच तर जमवलं होतं सगळं. बायकांना तुम्ही पटवलंत. आणि तुम्हीच ताट घेऊन फिरलात. दसऱ्यापर्यंत गप राहिलं असतं तर काय बिघडलं असतं? एकदा नुसती अंघोळ."

"उज्ज्वला कवा झाली ठावं हाय का तुला?" तिनं विचारलं.

उज्ज्वला वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. आपण फोन करतो की."

"न्हाई. घट बसायच्या आदल्या दिशी झाली, सांजच्याला. इथंच, ह्याच खोलीत. माझी सासू म्हनली, आता सोयर लागलं तर साऱ्या भावकीचं घट ऱ्हात्यात, आनि ते पन पोरीपायी. दसऱ्यापातूर कुनाला सांगायचं न्हाई." आत्याचा आवाज नेहमीसारखाच होता, भाजी निवडताना बोलते तसा. "दार लावून ठिवलं. पोरगी रडली की सासू पडवीत भांडी वाजवायची. आवाज बाहीर जाऊ नये म्हनून. रडली की भांडी. म्या पाजायला घ्यायच्या आत भांडी. दसरा झाल्यावर दुसऱ्या दिशी सांगितलं, आज झाली म्हनून. शाळेत तीच तारीख, लग्नपत्रिकंत तीच. तिला पन अजून ठाव न्हाई."

बाहेर कुणीतरी गोधडी पिळत होतं, पाण्याची धार दगडावर पडत होती.

"आनि तुज्या नवऱ्याच्या येळंला पाडव्याचा आदला दिस हुता. सासूनं उजाडायच्या आत पेढं वाटलं. भावकीत एका घरावर गुढी चढली न्हाई त्या साली. कुनी चकार शबूद काढला न्हाई."

मी हिला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"तू म्हनलीस तवा माज्या मनात आलं, व्हय म्हनावं. इरजणाचं मला पन कळतंय. एसटीत बसस्तोवर व्हयच म्हनत हुते." तिनं वाकळ खांद्यावर घेतली. "घटापायी पोरगी लपिवली म्या. आता गटारापायी नात लपवू? कारन तुजं चांगलं हाय गं. पर कारन सासूचं पन तिला चांगलंच वाटत हुतं."

आणि ती धुवायला गेली.

दुसऱ्या माळेला नमुना घ्यायला माणूस आला. नापास होणार हे त्याला बाटली भरतानाच दिसलं असणार, तरी त्यानं झाकण नीट लावलं, चिठ्ठी चिकटवली. पुढच्या आठवड्यात कंपनीची गाडी आली. ब्लोअर काढला, पडदे काढले, दिवा काढला. टाकी तेवढी राहिली, ती उचलता येत नव्हती. ग्रामपंचायतीनं बुजवलेलं तोंड फोडलं आणि गटार पुन्हा ओढ्यात सोडलं. त्याला दोन तास लागले नाहीत. आमच्याकडं फोडायची कामं कधी रेंगाळत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंताक्का आली. पाय लांब केले, हिला घेतलं, तेल लावलं.

"गाडी घिऊन गेली म्हनं सगळं," ती म्हणाली.

"हो."

"एवडं आळीआळीनं ठरलं हुतं. मग एकदम का धुतलं गं समद्यांनी?"

मी सांगितलं. हिच्या जन्मापासून सगळं. दवाखान्यात मी काय म्हणाले, आत्यानं काय केलं. उज्ज्वला वन्संचं नाही सांगितलं, ते सांगायचा हक्क माझा नव्हता. त्यामुळं माझं सांगणं लंगडं पडत होतं आणि मला ते ऐकू येत होतं.

तिचे हात थांबले नाहीत. पाणी सोडत राहिली.

"म्हंजी दसऱ्यापातूर गप बसला असता, तर ऱ्हायली असती टाकी?"

"बहुतेक."

"बहुतेक का खरंच?"

"खरंच."

तिनं हिला पुसलं. बोटांच्या बेचक्या पुसल्या, कानामागं पुसलं, काखेत पुसलं. धुरी दिली, अंगारा लावला, दुपट्यात घट्ट गुंडाळलं, आणि माझ्या मांडीवर ठेवलं. कुठलंच काम अर्धं टाकलं नाही.

"पोरगी तुमची," ती म्हणाली. "पानी आमचं हुतं."

आत्या दारात उभी होती. कधीपासून ते मला माहीत नाही. "शेवंता, उद्यापासनं आमच्या हिरीवर ये पान्याला. तुज्या वस्तीतल्या सगळ्याजनींनी या. नवीन टाकी हुईस्तोवर."

आमच्या विहिरीवर खालच्या वस्तीतलं कुणी आजवर आलेलं नव्हतं. का, ते कुणी कधी बोललंही नव्हतं.

"भावकी काय म्हनंल?" शेवंताक्कानं विचारलं.

"भावकी कापडं वाळवतीया अजून."

शेवंताक्का हसली नाही. चपला घातल्या आणि गेली.

बायका आल्या विहिरीवर. पहिल्या दिवशी दोघी, मग बऱ्याच. नानांनी आमच्या घरी यायचं सोडलं, सगुणाकाकूनं महिनाभर तोंड फिरवलं आणि मग तिला गप्पांवाचून राहवेना. शेवंताक्का मात्र स्वतः कधी आली नाही, तिची सून यायची. हिला न्हाऊ घालायला शेजारच्या गावची बाई बघावी लागली. तिचे हात जड होते. ही शेवटपर्यंत रडायची.

दीड वर्षानं दुसऱ्या योजनेतून प्लांट पुन्हा आला. या वेळी धुण्यासाठी वेगळी टाकी मागितली मी, आणि ती मिळेपर्यंत कागदावर सही केली नाही. ज्या दिवशी पहिलं नितळ पाणी ओढ्यात सोडलं त्या दिवशी शेवंताक्का आली होती. ओंजळीत धरून बघितलं, वास घेतला. माझ्याशी बोलली, ब्लोअरवर विनोद केला. आत्याला म्हणाली, मालनबाई, वाळली का कापडं. दोघी खूप हसल्या.

माझी मुलगी आता पाच वर्षांची आहे. माझ्याबरोबर प्लांटवर येते, कठड्याला लोंबकळते, टाकीतल्या पोरांची चौकशी करते. शेवंताक्का दिसली की पळत जाऊन तिच्या पायांना मिठी मारते आणि म्हणते, "शेवंताआजी, उचल."

शेवंताक्का तिच्या डोक्यावरून हात फिरवते. कनवटीचा बत्तासा काढून देते. "आता कुटं उचलू," म्हणते, "मोटी झालीस की."

ही दीड वर्षाची होती तेव्हाही ती हेच म्हणाली होती.